दिव्याखालचा अंधार : क्रॅगसाइड नावाच्या घराची गोष्ट

१/
इंग्लंडच्या उत्तर टोकाला नॉर्थम्बरलंड परगणा आहे. तेथे रॉथबरी या छोट्या गावाबाहेर, खडकाळ टेकडीच्या उतारावर एक अवाढव्य घर उभे आहे. त्याचे नाव क्रॅगसाइड. 'क्रॅग' म्हणजे उघडा, उभा खडक. १८८० च्या डिसेंबरात या घराच्या ग्रंथालयात विजेचे दिवे लागले, आणि ती वीज जवळच्याच एका तलावाच्या पाण्यापासून निर्माण केलेली होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील या वास्तूविषयी हा दीर्घ थ्रेड.

२/
क्रॅगसाइडचा परिचय बहुधा एका वाक्यात उरकला जातो : जलविद्युतेवर उजळलेले जगातील पहिले घर. वाक्य खोटे नाही. हल्ली मात्र त्याला एक शेपूट जोडले जाते आणि घरमालकाला हरित ऊर्जेचा द्रष्टा ठरवले जाते. कथा घसरते ती इथे. ज्या पैशातून तो तलाव बांधला गेला, ती तार ओढली गेली आणि ते दिवे लागले, त्या पैशाचा फार मोठा भाग तोफा आणि युद्धनौका विकून आलेला होता. दिव्याची गोष्ट आणि तोफेची गोष्ट वेगवेगळी सांगण्याची सोय इतिहासाने ठेवलेली नाही. घराची वास्तुरचना नीट पाहिली तर तीच याची साक्ष देते.

३/
घरमालकाचे नाव विल्यम आर्मस्ट्राँग. जन्म १८१० चा, न्यूकॅसल शहरातला. वडील धान्याचे व्यापारी. मुलाने वकिली करावी ही त्यांची इच्छा, आणि मुलाने ती अनेक वर्षे इमानेइतबारे पाळलीही. मन मात्र यंत्रांत गुंतलेले. मासेमारीच्या छंदापायी डेंटडेलच्या खोऱ्यात गेला असता त्याला ओढ्यावर फिरणारे एक पाणचक्र दिसले. उंचावरून कोसळणाऱ्या पाण्यातली किती थोडी ताकद त्या चक्राच्या कामी येते आणि किती वाया जाते, हे त्याच्या ध्यानात आले. पुढील साठ वर्षांचा उद्योग या निरीक्षणातून वाढला.

४/
पाणी उंचावरून बंद नळातून खाली आणले की त्याला दाब येतो, आणि त्या दाबाने दट्ट्या ढकलता येतो. कल्पना एवढीच. या तत्त्वावर आर्मस्ट्राँगने १८४६ मध्ये न्यूकॅसलच्या धक्क्यावर माल उचलणारी क्रेन चालवून दाखवली. १८४७ मध्ये वकिली सोडून टाइन नदीच्या काठी एल्सविक येथे कारखाना काढला. बंदरांतल्या क्रेन, गोद्यांचे दरवाजे, फिरते पूल अशी यंत्रे तेथे घडू लागली. लंडनच्या सुप्रसिद्ध टॉवर ब्रिजचे पूल उचलणारे मूळ यंत्रही याच कंपनीचे. कारखाना येथेच थांबला असता तर हा थ्रेड लिहिण्याचे फारसे कारण उरले नसते.

५/
१८५४ साली क्रिमियाच्या युद्धात इंकरमन येथे ब्रिटिश सैन्याला आपल्या अवजड तोफा रणांगणावर ओढून आणता आणता नाकी नऊ आले. ती बातमी वाचून आर्मस्ट्राँगने हलकी पण लांब पल्ल्याची तोफ आखायला घेतली. ओतीव बिडाऐवजी त्याने घडीव लोखंडाची वेटोळी तापवून नळीवर चढवली. थंड होताना ती आवळली जात आणि नळी भक्कम होई. नळीच्या आत पिळदार खाचा होत्या. तोफ तोंडाकडून न भरता मागून भरायची, आणि गोळाही वाटोळा नव्हे तर लांबट. खाचांमुळे गोळा स्वतःभोवती फिरत सुटे, त्यामुळे नेम अचूक लागे. १८५९ मध्ये आर्मस्ट्राँगने या तोफेची पेटंटे सरकारला देऊन टाकली. बदल्यात त्याला 'सर' हा किताब आणि सरकारी तोफखान्यातील मोठे पद मिळाले.

६/
या तोफेचा एक धागा मुंबईपर्यंत पोहोचतो. १८६७-६८ मध्ये अबिसिनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा, सम्राट थिओडोर याच्यावर ब्रिटिशांनी मोहीम काढली. तिचा सेनापती रॉबर्ट नेपिअर हा मुंबई लष्कराचा सरसेनापती होता आणि मोहिमेची सिद्धता मुंबई इलाख्यातूनच झाली. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर उतरल्यावर डोंगरवाटांनी जड तोफा न्यायच्या कशा? त्यासाठी हिंदुस्थानातून हत्ती नेण्यात आले. आर्मस्ट्राँग पद्धतीच्या तोफा त्या हत्तींच्या पाठीवरून मगडाल्याच्या किल्ल्यापर्यंत चढल्या. रॉथबरीच्या टेकडीवर क्रॅगसाइडची पहिली, छोटी इमारत तेव्हा नुकतीच बांधून झाली होती.

७/
१८६३ च्या सुमारास सरकारने एल्सविककडून तोफा घेणे बंद केले. आर्मस्ट्राँगने सरकारी पद सोडले. कारखान्यात तयार यंत्रसामग्री होती, कुशल कारागीर होते, आणि गिऱ्हाईक उरले नव्हते. यावर उपाय एकच दिसत होता : जो पैसे देईल त्याला विकायचे. त्याच वर्षी आर्मस्ट्राँगने रॉथबरीजवळ जमीन घेतली. लहानपणी प्रकृती नाजूक असल्याने हवापालटासाठी त्याला याच भागात आणत असत, तेव्हापासूनचा हा लळा. सुट्टीत मासे धरायला यावे, चार दिवस राहावे, एवढ्याच बेताचे दोन मजली घर त्याने प्रथम बांधले.

८/
१८६९ मध्ये त्याने रिचर्ड नॉर्मन शॉ या अडतीस वर्षांच्या वास्तुकाराला बोलावले. पुढे लंडनच्या पोलीस दलाचे 'न्यू स्कॉटलंड यार्ड' हे मुख्यालय बांधणारा हाच शॉ. पाहुणे मंडळी शिकारीला गेली असता एका दुपारीत शॉने संपूर्ण भावी घराचे रेखाटन केले, अशी आख्यायिका आहे. प्रत्यक्ष बांधकाम मात्र सुमारे पंधरा वर्षे चालले. घर कधी पाडले नाही, फक्त वाढवत नेले. मूळची छोटी इमारत आजही त्या पसाऱ्याच्या पोटात आहे.

९/
आता घराकडे पाहा. दरीतून वर नजर टाकली की दिसतात उंचच उंच धुराडी, तीव्र उताराची छपरे, काळ्या लाकडी चौकटींत पांढरा गिलावा भरलेले त्रिकोणी दर्शनी भाग, दगडी कमानी, मनोरे. सगळे एकमेकांत घुसलेले, एकही बाजू दुसरीसारखी नाही. जणू पाच पिढ्यांनी आपापल्या सोयीने खोल्या वाढवत नेल्या असाव्यात. हा भास मुद्दाम निर्माण केलेला आहे. या शैलीला 'ओल्ड इंग्लिश' म्हणतात. शॉ आणि त्याचा मित्र नेस्फील्ड यांनी इंग्लंडच्या दक्षिणेकडील केंट, ससेक्स भागांतील जुनी शेतघरे पाहून ती घडवली.

१०/
नॉर्थम्बरलंड हा दगडाचा मुलूख आहे. तेथील जुनी घरे, गोठे, किल्ले, कुंपणे सगळी दगडी. लाकडी चौकटीत गिलावा भरलेली भिंत तेथे उपरीच. उद्या कोणी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर केरळी पद्धतीचे कौलारू घर बांधले आणि 'आमचे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे' असे म्हटले, तर जे वाटेल ते येथे वाटायला हवे. शिवाय खालची भक्कम दगडी भिंत भार पेलते आणि वरची लाकडी चौकट प्रामुख्याने जुनेपणाचा देखावा उभा करते. धान्याच्या व्यापाऱ्याच्या मुलाने, कारखानदाराने, एका पिढीच्या आत बांधलेल्या घराला तीनशे वर्षांचे वय उसने आणून देण्यात आले आहे.

११/
यात शॉला कमी लेखण्याचे कारण नाही. कामगिरी थक्क करणारी आहे. सपाट जागा अशी नाहीच. खडक फोडून पायऱ्यांसारखे तळ काढावे लागले. आपल्याकडचा वाडा चौकाभोवती आत वळतो, दिंडी दरवाजा लावला की जग बाहेर राहते. क्रॅगसाइडची वृत्ती उलटी. ते टेकडीवर चढत जाते आणि प्रत्येक वळणावर दरीकडे तोंड काढते. एका खोलीतून दुसरीत जाताना मध्येच चार पायऱ्या येतात, जिना वळतो, खिडकीची उंची बदलते. घराच्या आत फिरतानाही टेकडीचा उतार पायांना जाणवत राहतो. हे दगडाला दगड लावून साधत नाही. त्यासाठी जागेची अंतर्बाह्य समज लागते.

१२/
सर्वांत सुंदर खोली कोणती, तर ग्रंथालय. दरीकडे उघडणारी रुंद खिडकी, लाकडी छत, खिडक्यांच्या वरच्या भागात रंगीत काचा. या काचा विल्यम मॉरिसच्या कंपनीतल्या. कारखान्यातल्या यंत्राने माणसाच्या हातातले कसब हिरावले, असे तळमळून सांगणारा मॉरिस. त्याच्या काचा देशातल्या एका सर्वांत मोठ्या यंत्रकारखानदाराच्या घरात लागाव्यात, हा त्या युगाचा नेहमीचाच विनोद होता. या खोलीच्या थेट खाली, तळघरात, तुर्की पद्धतीचे बाष्पस्नानगृह आहे.

१३/
यंत्रे घरभर आहेत, पण दिसत कोठेच नाहीत. स्वयंपाकघरात मांस भाजण्याची सळई पाण्याच्या दाबावर आपोआप फिरे. मजल्यांमधून वरखाली जाणारी लिफ्टही पाण्याच्याच दाबावर चाले. नोकरांच्या डोक्यावरचे कोळशाचे ओझे तिने कमी केले. तळघरातली ऊष्ण हवा जमिनीखालच्या मार्गांनी खोल्यांत पोहोचे. खोल्याखोल्यांत दूरध्वनी होते. टेकडीखालच्या पंपाने पाणी वर चढे. हे सगळे कोणत्या घरात? तर बाहेरून पाहता मेणबत्त्या आणि शेकोटीच्या काळातले वाटावे अशा घरात. क्रॅगसाइडचा खरा वास्तुधर्म हाच म्हणायला हवा : शक्ती वापरायची आणि शक्तीचे मूळ झाकायचे.

१४/
आता दिवे. डेब्डन ओढ्यावर बांध घालून तलाव केला गेला. त्याचे पाणी नळाने खाली आणून टर्बाइनवर सोडले; टर्बाइनने डायनॅमो फिरवला; तेथून तांब्याची तार घरापर्यंत नेली. अंतर सुमारे दीड हजार यार्ड, म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर. १८७८ मध्ये प्रथम चित्रदालनात एक कमानदीप लावून पाहिला. कमानदीप म्हणजे दोन कोळकांड्यांच्या मध्ये ठिणगीचा सलग झोत. त्याचा प्रकाश रस्त्यासाठी ठीक. घरात तो डोळ्यांना सोसत नसे. शिवाय तो फुरफुरत असे, त्याचा वास येई.

१५/
पर्याय शेजारीच तयार होत होता. न्यूकॅसलमध्येच काम करणारा रसायनतज्ज्ञ जोसेफ स्वान निर्वात काचगोळ्यात कार्बनचा बारीक तंतू तापवून सौम्य प्रकाश मिळवण्याच्या खटपटीत होता. तिकडे अमेरिकेत एडिसन त्याच मार्गावर होता. दिव्याचा शोध एकट्या एडिसनचा, असे पाठ्यपुस्तकांतून सर्रास शिकवले जाते. स्वानचे नाव तेवढ्यावरच पुसले जाते. १८८० च्या डिसेंबरात स्वानचे दिवे क्रॅगसाइडमध्ये लागले. एकूण चाळीसहून अधिक.

१६/
ग्रंथालयातल्या चार दिव्यांची रचना मोठी गंमतशीर होती. मीनाकाम केलेल्या तांब्याच्या उभट भांड्यांवर ते बसवले होते. भांडे ज्या तळखणात ठेवायचे त्यात पारा. भांडे पाऱ्यात टेकले की विजेचा मार्ग पूर्ण होऊन दिवा लागे; भांडे उचलले की विझे. बटण हा प्रकार अजून रूढ व्हायचा होता. जुन्या तेलाच्या दिव्यांसाठी असावे तसे पात्र आणि आत विसाव्या शतकाची चाहूल! येथेही तेच : नव्याला जुन्याचा अंगरखा.

१७/
हे दिवे लागण्याच्या नऊ वर्षे आधीचे, म्हणजे १८७१ चे, एक प्रकरण घराच्या कथेतून बहुधा गाळले जाते. टाइन नदीकाठच्या यंत्रकामगारांनी दिवसाला नऊ तासच काम ही मागणी करून संप पुकारला. जॉन बर्नेट हा त्यांचा पुढारी. कारखानदारांच्या बाजूने सर्वांत ताठर उभा होता तो आर्मस्ट्राँग. बाहेरून, अगदी परदेशांतूनही, बदली कामगार आणण्याचे प्रयत्न झाले. पाच महिने संप चालला आणि अखेर मालकांना नऊ तास मान्य करावे लागले. इकडे रॉथबरीच्या टेकडीवर शॉची कामे जोरात सुरू होती. घराच्या हिशेबात हे पाच महिनेही धरले पाहिजेत.

१८/
१८८४ च्या ऑगस्टमध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा राजा सातवा एडवर्ड, सहकुटुंब क्रॅगसाइडला मुक्कामी आला. त्या वेळच्या वर्णनांनुसार टेकडीवर दहा हजार छोटे दिवे लावले गेले होते. या भेटीपर्यंत घराची एक मोठी खोली, दिवाणखाना, पुरी करण्यात आली. तिच्यातली शेकोटीची मांडणी पाहून माणूस क्षणभर बोलायचे विसरतो. इटालियन संगमरवराची, दोन मजली उंचीची, कोरीव कामाने ओसंडून वाहणारी. वजन सुमारे दहा टन. तिचा आराखडा शॉचा साहाय्यक विल्यम लेथबी याचा. खोलीला छतातून काचेचा उजेड. शेकोटीच्या मागे थेट डोंगराचा खडक.

१९/
खरे सांगायचे तर ही खोली बेढब आहे. ग्रंथालयातला संयम येथे पार सुटला आहे. पण ती बेढब का आहे हे कळले की ती सर्वांत प्रामाणिक खोली वाटू लागते. मासेमारीच्या सुट्टीसाठी एवढा संगमरवर लागत नाही. तो गिऱ्हाइकांसाठी लागतो. १८८९ मध्ये इराणचा शहा नासिरुद्दीन येथे येऊन गेला. १८९७ मध्ये सयामचा राजा चुलालोंगकोर्न आला. जपानी, चिनी शिष्टमंडळे आली. सकाळी एल्सविकचा कारखाना दाखवायचा, संध्याकाळी टेकडीवर विजेच्या उजेडात जेवू घालायचे. आधी यंत्रसामर्थ्य, मग आदरातिथ्य. राजवाडे पाहिलेल्या माणसांवर छाप पाडायची तर दिवाणखानाही तोलाचा हवा.

२०/
भोजनगृहात शेकोटीभोवती बसायला दगडी कोनाडा आहे. त्यावर एक जुनी म्हण कोरली आहे. तिचा अर्थ असा : पूर्वेला जा की पश्चिमेला, घरासारखे काही नाही. एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या घरात ती गोड वाटली असती. पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडे तोफा पाठवणाऱ्याच्या शेकोटीवर ती वाचताना निराळीच वाटते.

२१/
आता पूर्वेचा हिशेब. १८७६ मध्ये न्यूकॅसलला टाइन नदीवरचा फिरता पूल पुरा झाला. तोही आर्मस्ट्राँगच्याच कंपनीचा. त्यामुळे मोठी जहाजे थेट एल्सविकपर्यंत येऊ लागली. १८८० च्या दशकात कंपनी स्वतःच युद्धनौका बांधू लागली. सांगाडा, चिलखत, तोफा, सगळे एकाच मालकाकडून. चीनने येथून नौका घेतल्या : चाओयोंग, यांगवेई, झीयुआन, जिंगयुआन. जपाननेही घेतल्या : नानिवा, ताकाचिहो, योशिनो. दोन्ही देशांची कोरियावरून चुरस वाढत होती. कारखान्याच्या दृष्टीने ती दोन चांगली गिऱ्हाइके होती.

२२/
१७ सप्टेंबर १८९४ रोजी यालू नदीच्या मुखाजवळ ही दोन्ही आरमारे समोरासमोर आली. वर नावे दिलेल्या सातही नौका त्या दिवशी लढाईत होत्या. चार एका बाजूला, तीन दुसऱ्या. टाइनकाठी घडलेल्या नौका टाइनकाठी घडलेल्या नौकांवर तोफा डागत होत्या. चाओयोंग पेटून बुडाली. पेटलेली यांगवेईही वाचली नाही. जबर मार खाल्लेली झीयुआन तिचा कप्तान डेंग शिचांग याच्यासह तळाला गेली. खलाशांपैकी अगदी मोजके वाचले. डेंग आजही चीनमध्ये राष्ट्रवीर मानला जातो.

२३/
या चिनी आरमाराचा कर्ताकरविता होता ली होंगझांग हा मुत्सद्दी. नौकांची खरेदीही त्याच्याच धोरणाने झालेली. १८९६ मध्ये तो इंग्लंडच्या दौऱ्यावर आला तेव्हा एल्सविक पाहून क्रॅगसाइडलाही आला. आरमार बुडून दोन वर्षे झाली होती. व्यवहार थांबला नव्हता. त्या संध्याकाळी संगमरवरी शेकोटीसमोर काय बोलणे झाले असेल, याची कल्पना कादंबरीकाराने करावी. इतिहासाला एवढे पुरे की विक्रेता आणि गिऱ्हाईक त्या छताखाली भेटले.

२४/
यावर एक उत्तर नेहमी येते : आजचे नीतिनियम कालच्या माणसाला लावू नयेत. आक्षेप गंभीर आहे, पण तो येथे लागू पडत नाही. कारण प्रश्न आर्मस्ट्राँगच्या काळातही विचारला जात होता आणि त्याला तो ठाऊक होता. त्याचे उत्तरही नोंदलेले आहे : निसर्गातील शक्ती माणसाच्या आज्ञेत आणणे हे अभियंत्याचे काम, त्या साधनांचा उपयोग न्याय्य कामासाठी होतो की नाही, याची जबाबदारी वापरणाऱ्यांची. ज्याला उत्तर देणे भाग पडले, त्याला प्रश्न पडलाच नव्हता असे कसे म्हणायचे?

२५/
दुसरे उत्तर त्याच्या दानधर्माचे. तेही खरे आहे. जेस्मंड डीन ही वनराई त्याने न्यूकॅसलच्या नागरिकांना दिली. आजच्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या मुळाशी असलेल्या विज्ञान महाविद्यालयाला त्याने बळ दिले. १८६३ च्या एका जाहीर भाषणात, कोळसा ही संपणारी वस्तू आहे आणि ब्रिटन तिची बेसुमार उधळपट्टी करत आहे, असे त्याने बजावले. पाण्यावर आणि सूर्याच्या उष्णतेवर भविष्य चालेल, हेही तो सांगत राहिला. हे सगळे सांगितलेच पाहिजे. फक्त एल्सविकच्या भट्ट्या कोळशावर जळत होत्या, हेही त्याच दमात सांगावे.

२६/
'निसर्गप्रेमी' या विशेषणालाही जरा थांबवून पाहायला हवे. क्रॅगसाइडभोवतीचे दाट अरण्य आज निसर्गाची देणगी वाटते. मूळची टेकडी जवळजवळ उघडी, माळरानाची होती. आर्मस्ट्राँग आणि त्याची पत्नी मार्गारेट यांनी तेथे लाखो झाडे लावली. सत्तर लाख हा आकडा नेहमी दिला जातो. तलाव मानवनिर्मित, खडकबाग मानवनिर्मित, ऱ्होडोडेंड्रॉन बाहेरून आणलेले. बागकामातला मोठा वाटा मार्गारेटचा होता, तरी तिचे नाव क्वचितच पुढे येते. म्हणजे घराला जसे उसने वय, तसे डोंगराला उसने रान. परिणाम रमणीय आहे यात शंका नाही. पण त्याला निसर्ग म्हणण्यापेक्षा अभियांत्रिकी म्हणणे अधिक बरोबर.

२७/
मग या घराचे करायचे काय? पाडायचे? कोणी तसे म्हटलेले नाही. आर्मस्ट्राँगचे नाव खोडायचे? त्यानेही काही साधत नाही. नाव खोडले की तोफही विस्मरणात जाते आणि दिवा तेवढा अनाथ चमकत राहतो. मागणी साधी आहे. क्रॅगसाइडवर जे कोणी लिहील, बोलेल, तीस सेकंदांची चित्रफीत करील, त्याने 'पहिला जलविद्युत दिवा' या वाक्याला जोडूनच 'यालू' हा शब्द उच्चारावा. वेगळ्या परिच्छेदात नव्हे, तळटीपेत नव्हे. घरानेच त्या दोन गोष्टी एका तारेने जोडल्या आहेत. सांगणाऱ्याने ती तार मध्येच कापू नये.

२८/
आर्मस्ट्राँग २७ डिसेंबर १९०० रोजी, नव्वदीच्या वयात, क्रॅगसाइड येथेच वारला. मूलबाळ नव्हते; संपत्ती भावकीत गेली. १९७७ मध्ये घर ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्टकडे आले आणि आता ते सर्वांना पाहता येते. २०१४ मध्ये ट्रस्टने तेथील तलावाच्या पाण्यावर आर्किमिडीजचा मोठा पोलादी स्क्रू बसवला. पाणी त्याच्या पात्यांवरून खाली घसरते, स्क्रू फिरतो, वीज तयार होते. क्रॅगसाइडचे दिवे पुन्हा पाण्यावर लागले.

२९/
त्याच सुमारास पिवळ्या समुद्रात, चीनमधल्या डांडोंग बंदराजवळ, पाणबुड्यांना गाळात रुतलेले एक जहाज सापडले. २०१५ मध्ये त्याची ओळख पटली. ढिगाऱ्यातून चिनी मातीच्या बशा निघाल्या, त्यांवर नौकेचे नाव होते : झीयुआन.